इंदुरात रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं तर काय करायचं

स्वच्छ शहरांच्या यादीत इंदूर २०१७ पासून वर आहे, हे इथे राहायला येण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे पुणे, नाशिक, जळगाव, नागपूर सोडून इथे आलेल्या मराठी घरांचा एक समज होतो की इथे सगळं आपोआप उचललं जातं. घरच्या कचऱ्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. सकाळी गाडी येते, ओलं-सुकं वेगळं घेते, रात्री मोठे रस्ते झाडले जातात. पण मेलेलं जनावर या रोजच्या फेरीत बसत नाही. त्याची गाडी वेगळी, ते उचलणारी माणसं वेगळी, नेण्याची जागा वेगळी. कुणीतरी कळवल्याशिवाय ती गाडी निघत नाही. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण मनाशी म्हणतो की आतापर्यंत कुणी ना कुणी सांगितलं असेलच. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. सकाळी मेलेलं कुत्रं संध्याकाळपर्यंत फुगतं, वास सुटतो, भटकी कुत्री आणि कावळे जमतात, आणि अंधारात एखादा दुचाकीवाला त्यावर घसरतो. म्हणून पहिलं सांगणं हेच: दुसऱ्यानं कळवलं असेल असं धरून चालू नका.

हे काम शहराचं आहे. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, सफाई आणि घनकचरा हे विषय नगरसंस्थांकडे आहेत. तुमच्याकडे काम एवढंच की नीट, अचूक कळवायचं, आणि गाडी येईपर्यंत दुसऱ्या कुणाला त्यापासून इजा होऊ द्यायची नाही. हे दोन्ही कसं करायचं ते पुढे लिहितो.

आधी खात्री करा: जनावर खरंच मेलंय का

गाडीचा धक्का बसून बेशुद्ध पडलेलं कुत्रं लांबून मेल्यासारखंच दिसतं. चार-पाच हात लांब उभं राहून अर्धा-एक मिनिट पोटाकडे पाहा. श्वास चालू असेल तर बरगड्या हलतात. काठीनं ढोसू नका, तोंडाजवळ हात नेऊ नका. दुखावलेलं जनावर शांत स्वभावाचं असलं तरी चावतं.

जीव असेल तर मामला नगर निगमचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, राहत नाही, उपचाराचा होतो. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय रुग्णवाहिका बोलावता येते. ही सेवा पशुपालन विभागाची आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर जनावर कोणतं, जखम कुठे, रक्त वाहतंय का, एवढं सांगा.

कुत्री किंवा मांजरी मेलेली असेल आणि तिचे सड भरलेले दिसत असतील, तर आसपासची नाली, पार्क केलेल्या गाड्यांच्या खालची जागा, बांधकामाचे ढीग एकदा पाहून घ्या. पिल्लं जवळपास असतात आणि आई नेल्यावर ती कुणाला सापडत नाहीत. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण मला ते सर्वात आधी करावंसं वाटतं.

विजेचा खांब जवळ असेल तर थांबा

हा भाग पावसाळ्यासाठी आहे आणि तो घाईत वाचू नका. जून ते सप्टेंबर या दिवसांत गाय, कुत्रं किंवा डुक्कर विजेच्या खांबाला, डीपीला, स्ट्रीटलाइटच्या पेटीला किंवा खांबाच्या ताणाच्या तारेला टेकून पडलेलं दिसलं, तर ते शॉक लागून मेलंय असंच समजा. तो प्रवाह अजून चालू असू शकतो. भोवती पाणी साचलं असेल तर पाण्यातूनही तो पसरतो. अशा ठिकाणी आधी जनावर मरतं आणि मग ते ओढायला गेलेला माणूस.

त्यामुळे इथे पहिला फोन निगमला करायचा नाही. वीज कंपनीच्या १९१२ वर करायचा. इंदूरचा पुरवठा पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी बघते. खांबावर रंगानं नंबर लिहिलेला असतो, तो लांबूनच वाचून सांगा. फोन लागेपर्यंत आणि पुढेही मुलांना, दूधवाल्याला, शाळेच्या व्हॅनला त्या बाजूनं जाऊ देऊ नका. लाइन बंद केल्याचं वीज कंपनीच्या माणसानं स्वतः येऊन सांगितल्यावरच जनावर उचलण्यासाठी निगमला कळवा, आणि तक्रारीत हेही लिहा की शॉकचा प्रकार होता आणि लाइन बंद करून घेतली आहे. उचलायला येणाऱ्याला ही गोष्ट माहीत असणं त्याच्या जिवाची गोष्ट आहे.

रस्ता कुणाचा, ते ठरवा

नवा माणूस इथेच अडकतो. इंदूर शहर आता चहूकडे पसरलंय आणि हद्दी डोळ्यांना दिसत नाहीत.

शहराच्या ८५ वॉर्डांतला कुठलाही रस्ता, गल्ली, चौक, बगीचा, नाल्याचा काठ: नगर निगम. यात राजवाडा, जेल रोड, रामबाग, पलासिया, विजय नगर, अन्नपूर्णा, भंवरकुआं, सुदामा नगर सगळं आलं.

बायपासची मुख्य मार्गिका, आणि तिथून देवासकडे किंवा महाराष्ट्राच्या बाजूला जाणारा आग्रा-मुंबई महामार्ग: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. त्यांचा क्रमांक १०३३, चोवीस तास. महामार्गावर गस्तीची गाडी फिरत असते आणि आडवं पडलेलं जनावर बाजूला घेणं हे त्यांचं काम आहे. फोनवर किलोमीटरचा दगड आणि कुठल्या दिशेची लेन हे दोन तपशील सांगितलेत की बाकी काही लागत नाही. बायपासवर रात्री मेलेली गाय म्हणजे पुढच्या काही मिनिटांत दुसरा अपघात, म्हणून तिथे अॅप उघडत बसू नका, सरळ फोन करा.

महूत छावणी परिषद, राऊला तिथली नगर परिषद, त्यापलीकडे ग्रामपंचायत. रेल्वेच्या रुळांवर किंवा आवारात असेल तर रेल्वेचा १३९.

हद्दीवर शंका असेल तर निगमला कळवून मोकळे व्हा. चुकीच्या खात्याकडे गेलेली तक्रार फार तर परत येते. न केलेली तक्रार कुठेच जात नाही.

तक्रार कशी लिहायची

निगमसाठी फोनमध्ये «इंदौर ३११» हे अॅप घ्या. मोबाईल क्रमांकावर नोंदणी होते. फोटो आणि जागा टाकून तक्रार केली की तक्रार क्रमांक मिळतो. केंद्र सरकारचं स्वच्छता अॅपही आहे आणि त्यात मृत जनावरासाठी वेगळा प्रकार दिलेला आहे. ज्यांना अॅप जमत नाही, विशेषतः घरातली वडीलधारी मंडळी, त्यांनी झोन कार्यालयात किंवा वॉर्डच्या सफाई दरोग्याला सांगावं. दरोगा म्हणजे आपल्याकडच्या मुकादमाच्या जागचा माणूस, सकाळी हजेरीच्या जागी हमखास भेटतो. त्याचा नंबर इथे राहायला आल्याबरोबर शेजाऱ्यांकडून घेऊन ठेवा. आपण ज्याला नगरसेवक म्हणतो त्याला इथे पार्षद म्हणतात. त्यांचा नंबरही ठेवा, पण पहिला फोन त्यांना नको.

तक्रारीत चार गोष्टी हव्यात आणि त्यातली पहिली सर्वात महत्त्वाची.

जनावर कोणतं आणि केवढं. नुसतं «जनावर मेलंय» असं लिहिलं तर कुत्रं उचलायच्या तयारीनं दोन माणसं येतात आणि समोर तीनशे किलोची गाय असते. मग ते परत जातात, मोठी गाडी सांगतात, आणि तुम्हाला वाटतं की निगमची माणसं नुसती पाहून गेली. गाय, म्हैस, बैल, घोडा असेल तर स्पष्ट लिहा, आणि फुगलेलं आहे की ताजं आहे तेही लिहा. फुगलेलं जनावर उचलताना फुटू शकतं. त्याची तयारी करून यावं लागतं.

मग जागा. फोनचं जीपीएस इमारतींच्या दाटीत पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणून खूण शब्दांत लिहा, हिंदीत लिहा. «सुदामा नगर, सेक्टर डी, बगीचे के गेट के सामने, सड़क के बीच में मृत गाय है, बड़ी गाड़ी भेजिए» असं. नुसतं «मंदिर के पास» लिहून इथे काहीही कळत नाही.

तिसरी गोष्ट, ते रस्त्याच्या मधे आहे की कडेला. मधे असेल तर आधी उचललं जावं हे वाचणाऱ्याला त्यावरून कळतं. चौथी, तुमचा चालू असलेला फोन नंबर, आणि तो उचला. चालक गल्लीच्या तोंडाशी येऊन फोन करतो आणि अनोळखी नंबर म्हणून आपण तो कापतो, असं फार वेळा होतं.

फोटो एकच पुरे, लांबून, मागची एखादी पाटी किंवा दुकान दिसेल असा. जखमेचा जवळून काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची काहीच गरज नाही. त्यानं गाडी लवकर येत नाही, आणि घरातली लहान मुलं तो पाहतात.

गाडी येईपर्यंत

रस्त्याच्या मधे असेल तर जनावर हलवण्याआधी वाहनं वळवायची सोय करा. स्वतःची गाडी कडेला घेऊन इंडिकेटर चालू ठेवा, आणि मागे पन्नास-साठ पावलांवर त्रिकोण, फांदी किंवा रंगीत कापड बांधलेली बादली ठेवा. रात्र असेल आणि वर्दळीचा रस्ता असेल तर ११२ वर पोलिसांना सांगा. स्वतः रस्त्याच्या मधे उभे राहून हात दाखवू नका.

कुत्रं-मांजर असेल आणि अगदीच वाटेत असेल, तर फावड्यानं किंवा पोत्यावर घेऊन कडेला करता येतं, पण उघड्या हातानं नाही. मेलेल्या जनावराच्या अंगावरच्या गोचिड्या आणि पिसवा शरीर थंड पडलं की नवं अंग शोधतात. कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असू शकतो, आणि तो हाताच्या जुन्या चिरेतूनही आत जातो. चुकून लाळ किंवा रक्त लागलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून धुवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. इंदुरात यासाठी हुकुमचंद पॉलिक्लिनिक प्रसिद्ध आहे. लोक त्याला लाल अस्पताल म्हणतात. रिक्षावाल्याला तेच नाव सांगा.

जुनं गोणपाट किंवा चादर झाकली तर माश्या आणि कावळे कमी येतात. कुणी हार घालतं, कुणी मीठ टाकतं, गाय असेल तर आयाबाया हळद-कुंकू वाहतात. त्याला हरकत घेऊ नका, फक्त लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नका. प्लास्टिकमध्ये मात्र गुंडाळू नका. ते उकलत बसण्याची वेळ पुढे दुसऱ्यावर येते.

आणि तीन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. कचरा गाडीत टाकायचं नाही: इथला ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो, दिवसाला ५५० टन क्षमतेचा, तिथे त्याचा बायो-सीएनजी आणि खत होतं. त्यात मांसाचं धूड जाणं बरोबर नाही, आणि गाडीवरच्या माणसाला ते हातानं वेगळं काढावं लागतं. जाळायचं नाही: टायर-रॉकेलवर जनावर जळत नाही, अर्धवट भाजतं. आणि नाल्यात ढकलायचं नाही. आपल्या शहरातली कान्ह आणि सरस्वती ज्यांना लोक नाला म्हणतात, त्या नद्या आहेत, आणि कान्ह पुढे उज्जैनला क्षिप्रेला मिळते. इथे ढकललेलं तिथल्या घाटाकडे जातं.

गल्ली झाडणाऱ्याला ते काम सांगू नका

या लेखातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं सांगणं हे आहे.

मेलेलं कुत्रं दिसलं की पुष्कळ सभ्य, शिकलेली माणसं पहिला आवाज देतात तो झाडूवाल्या दादाला किंवा ताईला. «जरा ते तेवढं उचलून टाक.» पन्नास रुपये पुढे करतात आणि आपण मदतच केली असं समजतात. त्या माणसाकडे हातमोजे नसतात, गाडी नसते, लस घेतलेली असेलच असं नसतं, आणि टाकायला जागाही नसते. मग ते मागच्या मोकळ्या प्लॉटवर जातं आणि वास दोन दिवसांनी दुसऱ्या घरांना येतो.

कायद्याचंही स्पष्ट आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार या समाजांतल्या माणसाला माणसाचं किंवा जनावराचं प्रेत वाहायला, त्याची विल्हेवाट लावायला किंवा खड्डा खणायला लावणं हा गुन्हा आहे. हे कलम उगाच आलेलं नाही. बाबासाहेबांचा जन्म इथून जवळ महूचा, १८९१ चा. १९२७ साली महाडला भरलेल्या परिषदेत सवर्णांना एक साधं आवाहन केलं होतं की आपली मेलेली जनावरं आपणच पुरा. शंभर वर्षं होत आली तरी एखाद्या घराच्या दारात ते काम कुणाला सांगितलं जातं, हे आपण पाहतो.

इंदूरला यातली दुसरी बाजूही ठाऊक आहे. १९१७ च्या आसपास प्लेगची दहशत होती. तुकोजीराव होळकरांच्या दरबारानं पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला बोलावलं होतं. त्यानं त्या वर्षीच्या दिवाळीत एक मिरवणूक काढली. त्यात घाणीच्या राक्षसाचा आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा होता, आणि शहराच्या सफाई कामगारांना नवे पांढरे कपडे आणि फुलांच्या माळा घालून मानानं चालवलं होतं. त्या दिवाळीसाठी लोकांनी घरं आणि गल्ल्या साफ केल्या.

तेव्हा निगमची गाडी आली की खाली उतरा. नेमकी जागा दाखवा, पार्क केलेली गाडी हलवून द्या, काम झाल्यावर हात धुवायला पाणी आणि साबण द्या. चहा द्यायचा असेल तर घरच्या कपातून द्या. हातमोजे-बूट नसलेली माणसं पाठवली गेली असतील तर ते तक्रारीत लिहा, त्या माणसांविरुद्ध नव्हे, त्यांच्यासाठी.

गाय असेल तर

गायीच्या बाबतीत दोन गोष्टी जास्तीच्या आहेत.

एक कानातला बिल्ला. पिवळा प्लास्टिकचा, त्यावर बारा आकडी क्रमांक. तो फोटोत स्पष्ट येऊ द्या. त्यावरून मालकाचा शोध लागतो, आणि जनावराचा विमा असेल तर बिल्ला, फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला यांशिवाय दावा पुढे सरकत नाही. बिल्ला कापून काढू नका, कुणाला काढू देऊ नका. जनावर तुमचंच असेल, म्हणजे तुम्ही शहराच्या कडेला दूधदुभत्याचा धंदा करत असाल, तर उचलण्याआधी विमा कंपनीला आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. नंतर काही सिद्ध करता येत नाही.

दुसरी गोष्ट, गर्दी. मध्य प्रदेशात २००४ पासून गोवंश वध प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा आहे, आणि मेलेल्या गायीभोवती अफवा फार लवकर उठते. तुम्हाला जे दिसलं तेवढंच बोला: गाय इथे, या वेळी, अशी पडलेली होती. कशानं मेली याचा अंदाज ग्रुपवर लिहू नका. माणसं जमून आवाज चढू लागले तर ११२ ला फोन करा आणि निगमच्या गाडीला सरकारी तक्रार क्रमांकासह काम करू द्या. खासगी टेम्पो बोलावून गाय परस्पर हलवणं टाळाच. वाटेत त्या टेम्पोवाल्याला कुणी अडवलं तर त्याच्याजवळ दाखवायला काहीच नसतं.

मोर, वानर, घोरपड, बिबट्या

रालामंडळचं अभयारण्य शहराला लागूनच आहे, आणि खंडवा रोड, बायपास, महूच्या बाजूला जंगली प्राणी गाडीखाली येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मेलेला वन्य प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. तो निगमनंही परस्पर उचलायचा नाही. वन विभागाला कळवायचं. नंबर हाताशी नसेल तर ११२ वर सांगा, ते निरोप देतात. मेलेल्या मोराची पिसं घरी आणणं साधं वाटतं, पण तुम्ही तेव्हा सरकारी मालमत्ता उचललेली असते. वानर मेलं की लोक प्रेमानं अंत्ययात्रा काढतात, तीही वन विभागाला सांगून.

एकाहून जास्त मेलेले दिसले तर

एकच कावळा मेला तर निगम पुरे. एकाच भागात चार-पाच कावळे, बगळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर गोष्ट वेगळी. २०२० च्या डिसेंबरअखेर इथल्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे पटापट मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूचा एच५एन८ हा प्रकार निघाला. तेव्हा कुणीतरी मेलेले कावळे झाडून कचऱ्यात टाकले असते तर ते इतक्या लवकर कळलं नसतं. म्हणून एकापेक्षा जास्त पक्षी असतील तर हात न लावता पशुपालन विभागाला कळवा, १९६२ वर सांगितलं तरी चालेल. अंगणात पाण्याची कुंडी ठेवत असाल तर ती काही दिवस रिकामी करा. घरात किंवा गोदामात एकदम पुष्कळ उंदीर मेलेले सापडले, आणि तुम्ही औषध टाकलेलं नसेल, तरीही असंच कळवायचं.

गाय-म्हैस अचानक मेली, नाका-तोंडातून किंवा मागून काळसर, न गोठणारं रक्त येतंय आणि अंग लवकर फुगलंय, तर फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय धरा. अशा जनावराला कापायचं नाही, सोलायचं नाही, शवविच्छेदनही करायचं नाही. आतला जिवाणू हवेत आला की बीजाणू धरतो आणि मातीत कित्येक वर्षं टिकतो. पशुवैद्यक येऊन कानातल्या रक्ताच्या थेंबावरून तपासतो.

एकाच गल्लीत दोन-तीन कुत्री एका रात्रीत मेली, तोंडाला फेस आहे, तर विष घातलेलं असू शकतं. हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. पोलिसांत तक्रार द्या आणि शवविच्छेदन मागा. शरीर सडायच्या आत व्हायला हवं, म्हणून निगमला लगेच उचलू देऊ नका, पोलीस येईपर्यंत झाकून ठेवा. उरलेलं खाणं पडलं असेल तर तेही तिथेच झाकून ठेवा. ते खाऊन आणखी कावळे आणि मांजरं मरतात.

उचलल्यावर काय होतं

जगभर यासाठी मुख्यतः दोन रस्ते आहेत: खोल खड्ड्यात चुना घालून पुरणं, किंवा जास्त तापमानाच्या भट्टीत जाळणं. पुरताना पाणवठा आणि विहीर दूर हवी आणि जनावराच्या वर किमान तीन फूट माती हवी, नाहीतर कुत्री उकरतात. २०२२ मध्ये लंपीची साथ आली तेव्हा गावोगाव हेच खड्डे खणावे लागले.

पूर्वी हे काम गिधाडं करत. कळपानं उतरून तासाभरात ती बैलाचा सांगाडा करून टाकत. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, आणि नव्वदच्या दशकात देशातली बहुतेक गिधाडं संपली. २००६ मध्ये त्या औषधावर जनावरांसाठी बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवर. गुरं बाळगणाऱ्या कुणी ओळखीत असेल तर डॉक्टरकडून मेलॉक्सिकॅम मागायला सांगा. ते गिधाडांना बाधत नाही. आणि शेवटच्या आजारपणात औषधं दिलेलं जनावर उघड्यावर टाकू नये, पुरावंच.

जनावर नेल्यावर जागेवर ब्लीचिंग पावडर किंवा चुना टाकला जातो. नाही टाकला तर तुम्ही टाका, तासाभरानं पाणी मारा. ब्लीचिंगमध्ये अॅसिड किंवा फिनाइल मिसळू नका, विषारी वायू निघतो.

घरातला उंदीर किंवा अंगणातली खार यासाठी गाडी बोलवायची गरज नाही. हातमोजे घालून आपल्याच बागेत दोन-अडीच फूट खोल पुरा.

गाडी आलीच नाही तर

दोन-तीन तास थांबून दरोग्याला फोन करा, तक्रार क्रमांक सांगा. मग झोन कार्यालय. पार्षद त्यानंतर. अॅपवर तक्रार «निराकरण झाले» दिसतेय आणि जनावर तिथेच आहे, असं असेल तर नवा फोटो टाकून तीच तक्रार पुन्हा उघडा. नवी तक्रार केली तर जुनी पूर्ण झाल्यात मोजली जाते.

तरीही हललं नाही तर १८१, मुख्यमंत्री हेल्पलाइन. तिथे तक्रार एल-१ अधिकाऱ्याकडून सुरू होऊन एल-४ पर्यंत वर चढते, आणि मधे तुम्हाला फोन येतो की समाधान झालं का. काम झालं नसेल तर सौजन्यापोटी «हो» म्हणू नका. आणि काम झालं असेल, अगदी उशिरा का होईना, तर तेही सांगा, आणि ज्या दोघांनी येऊन ते उचललं त्यांची नावं विचारून ठेवली असतील तर तीही नोंदवा. तिथे कौतुकाची नोंद फार क्वचित होते.